साखर उद्योगाच्या खुर्चीत दगडाबाई

दगडाबाईंना थंडी वाजत होती, एवढंच कारण झालं.

नगरच्या त्या हॉटेलातल्या हॉलमध्ये अध्यक्ष म्हणून जिल्ह्याचे मोठे साहेब यायचे होते, म्हणून सकाळपासूनच एसी अठरावर लावून ठेवला होता. साहेब आले नव्हते, गारठा मात्र वेळेवर हजर झाला होता. भिंतीवर मोठा फलक होता : ‘मलेरिया संशोधन : क्षेत्रनिहाय प्राधान्यक्रम निश्चिती’. खाली टेबलं गोलात मांडली होती आणि प्रत्येक खुर्चीसमोर एकेका क्षेत्राची पाटी होती. आरोग्य, शेती, पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय, नगरपालिका, साखर उद्योग. पाट्यांची तोंडं समोरच्या लोकांकडे होती. त्यामुळे आपण कोण आहोत हे सोडून बाकीचे कोण आहेत, एवढंच बसणाऱ्याला कळत होतं. ‘ऊसतोड मजूर’ ही पाटी नेमकी एसीच्या तोंडाखाली आली होती.

“अंगद, हितं बर्फ पडतोय का काय रं?” दगडाबाईंनी पदर कानांवरून घट्ट ओढला. “माझं गुडघं धरलं बग.”

अंगद पाथर्डी तालुक्यातल्या त्यांच्याच गावच्या उपकेंद्रात आरोग्यसेवक होता. ‘ऊसतोड मजुरांचा एक प्रतिनिधी घेऊन या,’ असा वरून निरोप आल्यावर तो आधी मुकादमाकडे गेला होता. दिवाळीनंतर कारखाने सुरू होणार, टोळ्या बांधायचे दिवस. मुकादमाला मान वर करायला सवड नव्हती. मग भीत भीतच तो दगडाबाईंच्या दारात गेला. भीत भीत अशासाठी, की त्यांचा मुलगा कल्याण हा अंगदचा शाळेपासूनचा मित्र आणि तो गेल्याच हंगामात ऊसतोडीच्या तळावर तापानं गेला होता. शेवटी शेवटी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा रक्तात मलेरिया निघाला. पण तोवर ताप डोक्यात गेला होता.

मलेरियाचं नाव काढलं की म्हातारी रडेल, नाहीतर हाकलून देईल, असं अंगदला वाटलं होतं. दगडाबाईंनी एवढंच विचारलं होतं, “तितं डागदर असत्याल का? मला येक इचारायचंय.”

आता त्या कुडकुडत होत्या. अंगदनं इकडंतिकडं पाहिलं. पलीकडे खिडकीपाशी, जिथं थोडं ऊन येत होतं, तिथली खुर्ची रिकामी होती. साखर उद्योगाची. कारखान्याचे लेबर ऑफिसर ‘निघालेत’ असा फोन आला होता, म्हणजे ते अजून घरीच होते.

“आत्या, चला, तिकडं बसा उन्हाला,” तो म्हणाला. दगडाबाई जाऊन बसल्या. त्यांच्यामागोमाग त्यांची पाटीही इकडची तिकडं करायची, असं त्यानं ठरवलं होतं आणि हातही पुढे केला होता. तेवढ्यात संशोधन संस्थेच्या डॉक्टर रोहिणी दारातून ओरडल्या, “अंगदराव, साहेब आले! पुष्पगुच्छ कुठंयत?”

पुष्पगुच्छ गाडीत होते. गाडी खाली होती. गाडीची चावी ज्याच्याकडे होती तो ड्रायव्हर चहाला गेला होता. अंगद धापा टाकत वर आला तेव्हा दीपप्रज्वलन होऊन बैठक सुरू झाली होती, मोठे साहेब मधोमध बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊन पाट्या बदलण्याची छाती त्याला झाली नाही. तो दारापाशी भिंतीला टेकून उभा राहिला. चहापानाच्या वेळी बदलू, असं त्यानं मनाशी म्हटलं.

डॉक्टर रोहिणींनी हातात माईक घेतला. बाई हुशार होत्या, कळकळीच्या होत्या आणि पहाटे पुण्याहून निघाल्यामुळे उपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “सगळंच संशोधन एकदम होणार नाही. प्रत्येक क्षेत्रानं एकच प्रश्न सांगायचा. मलेरियाबद्दल आपल्याला सगळ्यात आधी काय कळायला हवं? मग आपण मतं घेऊ. जो प्रश्न पहिला येईल, त्यावर याच हंगामात काम सुरू होईल.”

पाटबंधारे खात्याचे अभियंता उठले. “आमचं पाणी वाहतं असतं. वाहत्या पाण्यात डास होत नाहीत. डबकी साचतात ती शेतकऱ्यांच्या शेतचाऱ्यांमधे. तेव्हा आधी संशोधन व्हावं ते शेतीखात्यावर.”

“चाऱ्यांमधे पाणी सोडतं कोण?” शेतीवाल्यांनी बसल्या जागेवरून विचारलं. “आमचं म्हणणं, आधी पाटबंधाऱ्यावर संशोधन करा.”

नगरपालिकेच्या साहेबांनी आपल्या हद्दीत डास नाहीत, जे आहेत ते हद्दीबाहेरून येतात, असं सांगितलं. मत्स्यव्यवसायाचे अधिकारी मात्र खरोखर दुःखी होते. “डासांच्या अळ्या खायला आम्ही दरसाल गप्पी मासे देतो. दरसाल ते नाहीसे होतात. मासे जातात कुठं, हे आधी कुणीतरी शोधा.”

“बगळे खातात,” अभियंता म्हणाले.

“मग वनखात्याला का नाही बोलावलं?” मत्स्यवाल्यांचा आवाज चढला. “आमच्याच जिवावर सगळे मलेरिया हटवायला निघालेत!”

मोठ्या साहेबांनी घड्याळात पाहिलं. डॉक्टर रोहिणी घाईघाईनं पुढच्या पाटीकडे वळल्या. खिडकीपाशी, नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळं असलेली एक वयस्क बाई शांत बसली होती. संचालक मंडळातली कुणीतरी मोठ्या घरची असणार, असं त्यांना वाटलं. साधेपणाचं त्यांना कौतुकही वाटलं. “आता साखर उद्योगाच्या वतीनं मॅडम बोलतील,” त्या म्हणाल्या.

दगडाबाईंनी फक्त ‘साखर’ ऐकलं. जन्मभर उसाच्या फडात राबलेल्या बाईला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. त्या उभ्या राहिल्या.

“आमच्या कारखान्यावर दरसाल ताप येतो,” त्या म्हणाल्या. ऊस तोडणारा माणूस ज्या कारखान्याला ऊस घालतो त्याला ‘आमचा कारखाना’ म्हणतो, हे तिथं फक्त अंगदला ठाऊक होतं. “गेल्या साली येक पोरगं मेलं. भरल्या अंगाचं हुतं. येक दिसाआड ताप यायचा, थंडी वाजायची, मग घाम फुटून उतरायचा. उतरला की पुन्यांदा कोयता हातात. आमाला वाटलं, ऊन बाधलं. गोळी दिली दुकानातली. दवाखान्यात न्हाई न्हेला.”

“का नाही नेला?” मोठ्या साहेबांनी विचारलं. आवाजात साहेबी नव्हती. ते चक्रावले होते.

“गाडी भरायची हुती सायेब. त्यो गेला तर कोयता मोडतो, म्हंजी नवराबायकुची जोडी तुटती. येक जन कमी झाला की सगळी टोळी अडकती. म्हनून वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या भाऱ्यावर निजवला त्याला, फडातच. उद्या न्हेऊ म्हनलं. रोज उद्या न्हेऊ म्हनलं.” दगडाबाईंनी टेबलाची कड धरली. “आमची चुकी झाली.”

कोपऱ्यात बसलेल्या वार्ताहरानं मोबाईल काढला. साखर उद्योगाच्या तोंडून हे वाक्य त्यानं आजवरच्या नोकरीत ऐकलं नव्हतं.

“म्हणजे त्या मृत्यूची जबाबदारी तुम्ही घेता?” मोठे साहेब पुढे झुकले.

दगडाबाईंना प्रश्नच कळला नाही. “माझाच हुता की त्यो,” त्या म्हणाल्या. “मी न्हाई घ्यायची तर कोनी घ्यायची?”

मत्स्यवाल्यांनी चष्मा काढून पुसला. मजुराला ‘माझा’ म्हणणारा कारखाना त्यांनी पाहिला नव्हता. डॉक्टर रोहिणींनी माईक खाली घेतला. त्या हळूच म्हणाल्या, “मॅडम, तुमचा प्रश्न?”

“मी त्याला कालव्याचं पानी पाजलं हुतं. त्यानं झालं का?”

“नाही हो. पाण्यानं नाही होत. डासानं होतो.”

दगडाबाईंनी टेबलाची कड सोडली. वर्षभर उराशी धरलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता, आणि आता हात मोकळे झाल्यावर त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. “मग आमी काय करायला पायजे हुतं?” त्यांनी विचारलं. “येवढंच सांगा. दुसरं काय न्हाई.”

आणि त्या बसल्या.

टाळ्या पडल्या. अंगदनं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

याच वेळी लेबर ऑफिसर आबासाहेब आत आले. पांढरे कडक कपडे, कपाळावर गंध, कानाला मोबाईल. गोलात एकच खुर्ची रिकामी होती, एसीखालची. ते तिच्यात बसले. पाटीचं तोंड त्यांच्याकडे नव्हतंच, आणि असतं तरी त्यांचं लक्ष फोनमध्ये होतं. डॉक्टर रोहिणींनी पाटी पाहिली, कपडे पाहिले. मजुरांच्या संघटनेचे पुढारी असणार, असा हिशेब केला.

“आता तुम्ही बोला,” त्या म्हणाल्या. “मजुरांबद्दल.”

“लेबरबद्दल? लेबरबद्दल मीच बोलतो सगळीकडं,” आबासाहेब उठले. “लेबरला काही त्रास नाहीये. लेबर खूश आहे. ताप वगैरे म्हणाल तर थोडं बदलत्या हवेनं चालायचंच.”

“पण तळावर जाऊन रक्त तपासलं तर?”

“छे छे! ते लेबरलाच नको असतं. सुई दिसली की पळतात. काम थांबतं त्यांचं. उगाच त्या बिचाऱ्यांना कशाला त्रास?”

“म्हणजे मजुरांचाच त्याला विरोध आहे?”

“शंभर टक्के!” आबासाहेब ठासून म्हणाले आणि बसले.

पलीकडे दगडाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला होता. अंगद टेबलांच्या मागून वाकत वाकत त्यांच्यापाशी पोचला. त्यांनी त्याची बाही धरली.

“आरं, ह्यो तर आमच्या कारखान्याचा सायेब!” त्या कुजबुजल्या. “माझी सून पंकजा यंदाबी त्याच कारखान्यावर निघालीया. मी हितं बोलले ते ह्याला कळलं तर तिची टोळीच काढून लावंल. चल, मला घरला न्हे.”

“त्यानं तुमाला वळखलं का?”

“न्हाई. त्यानं आमच्याकडं कवा बघितलंय?”

अंगदनं आबासाहेबांकडे पाहिलं. ते पुन्हा मोबाईलमध्ये होते. एक हाक मारायचा अवकाश होता : ‘मॅडम, खुर्च्यांची गफलत झाली.’ सगळं सरळ झालं असतं. मजुरांचं म्हणणं मजुरांच्या नावावर गेलं असतं, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली असती, आणि साखर उद्योगानं ‘शंभर टक्के विरोध’ केला असता. शिवाय पाट्यांची व्यवस्था अंगदकडेच होती, त्यामुळे पहिली नोटीस त्यालाच मिळाली असती.

“आत्या, बसून राहा,” तो म्हणाला. “बाई इचारतील तवा हात वर करा. मग जाऊ.”

डॉक्टर रोहिणींनी दगडाबाईंचा प्रश्न शहाण्या भाषेत मांडला : ऊसतोडीच्या तळावर ताप आलेल्या माणसाचं निदान आणि उपचार त्याच दिवशी कसे करता येतील? मतदान सुरू झालं. पाटबंधाऱ्यानं हात वर केला, कारण प्रश्नात पाण्याचा उल्लेख नव्हता. शेतीनं केला, कारण शेतीचाही नव्हता. नगरपालिकेनं केला, कारण तळ हद्दीबाहेर होते. मत्स्यव्यवसाय रुसून तटस्थ राहिला. साखर उद्योगानं पदराआडून हात वर केला.

“विरोधात?”

आबासाहेबांचा एकट्याचा हात वर गेला.

“प्रश्न पहिल्या क्रमांकानं मंजूर,” डॉक्टर रोहिणी म्हणाल्या. “मजुरांच्या प्रतिनिधींचा विरोध आम्ही समजू शकतो. त्यांच्यात आपण जागृती करू. पण साखर उद्योगानं स्वतः पुढाकार घेतला, याबद्दल त्यांचं विशेष अभिनंदन.”

आबासाहेबांनी मोबाईल खाली ठेवला. “एक मिनिट. साखर उद्योग म्हणजे कोण? साखर उद्योग मी आहे!”

“तुम्ही?” डॉक्टर रोहिणी गोंधळल्या. “तुम्ही तर मजुरांच्या वतीनं बोललात.”

“मजुरांच्या वतीनं मी कशाला बोलीन?”

“सगळीकडं मीच बोलतो, असं म्हणालात तुम्ही.”

आबासाहेबांनी पाटी उचलून आपल्याकडे वळवली, वाचली आणि ती विंचवासारखी टेबलावर टाकली. ते तोंड उघडणार तोच त्यांचा मोबाईल वाजला. कारखान्याचे चेअरमन होते. मोठ्या साहेबांनी मतदानाआधीच बाहेर जाऊन त्यांना फोन केला होता.

“आबासाहेब!” चेअरमनचा आवाज शेजारच्या दोघांतिघांना स्पष्ट ऐकू आला. “अहो, काय केलंत काय तुम्ही तिथं?”

“साहेब, मी सांगतो, त्याचं असं झालं...”

“मोठ्या साहेबांचा फोन आला होता मला. म्हणाले, असं मन मोठं असलेला कारखाना बघितला नाही! पेपरवाल्याचाही आला. उद्या फोटोसकट छापतायत. वार्षिक सभेच्या तोंडावर, आबासाहेब! मी तुम्हाला उगाच बिनकामाचा समजत होतो. ही कल्पना कुणाची?”

आबासाहेबांनी पाटीकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. एसीची हवा त्यांच्या टाळूवर पडत होती.

“माझीच साहेब,” ते म्हणाले. “मीच म्हटलं, बाईमाणूस बोललं तर जास्त भिडेल.”

फोन ठेवून ते डॉक्टर रोहिणींना म्हणाले, “चालू द्या. सगळं बरोबर आहे.” आणि जेवणाच्या रांगेत त्यांनी अंगदला गाठलं. दंड धरून बाजूला नेलं.

“ए, तू आणलीस ना तिला? ती बाई कोण आहे?”

अंगदनं मागं वळून पाहिलं. दगडाबाई लांब जिन्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. “कारखान्याचीच हाय सायेब,” तो म्हणाला. “लई जुनी हाय.”

“शेअर होल्डर?”

“लई दिलंय तिनं कारखान्याला.”

आबासाहेब विचारात पडले. मोठी असामी दिसतेय, नडायला नको, असा निष्कर्ष त्यांनी काढला. “माझा नमस्कार सांग त्यांना,” ते म्हणाले आणि गुलाबजामकडे वळले.

दोघं एसटीनं परत निघाले. पाथर्डीचा स्टँड आल्यावर दगडाबाई म्हणाल्या, “डासानं हुतंय म्हनं.” अंगद म्हणाला, “व्हय.” “मला कोनी सांगितलं न्हवतं,” त्या म्हणाल्या. सांगायचं काम अंगदचंच होतं. पण टोळ्या गावातून जात तेव्हा ताप नसे, आणि ताप येई तेव्हा टोळ्या त्याच्या गावात नसत.

हंगाम लागला. पंकजा मुलाला घेऊन टोळीबरोबर गेली आणि तिच्या जोडीला कोयता धरायला कल्याण नव्हता म्हणून दगडाबाई गेल्या. कारखान्याच्या मागच्या माळावर मजुरांनी पाचटाच्या झोपड्या, कोप्या, घातल्या. थंडी वाढली तशी एके दुपारी माळावर मांडव उभा राहिला. त्यावर चेअरमनचा हसरा फोटो होता आणि खाली ‘मजुरांच्या आरोग्यासाठी आमचा पुढाकार’ असं लिहिलं होतं. डॉक्टर रोहिणींची माणसं टेबल मांडून बसली होती. स्वतः बाई पुण्यात दुसऱ्या बैठकीत होत्या.

आबासाहेबांनी माईक घेतला. “तुमच्या पुढाऱ्यांनी या तपासणीला विरोध केला होता,” ते मजुरांना म्हणाले. “भर बैठकीत, शंभर टक्के! तरीही कारखान्यानं ऐकलं नाही. कारखाना तुमच्या पाठीशी खंबीर उभा राहिला.”

मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. कोण हा पुढारी, आणि त्याचं काय वाईट केलं होतं आपण? एकदोघांनी त्याला आईवरून शिव्याही घातल्या. आबासाहेबांनी ऐकलं आणि भाषण पुढे चालू ठेवलं.

पंकजाला कालपासून थंडी वाजत होती. दगडाबाईंनी तिला फडातून अक्षरशः ओढत आणलं होतं. गाडी अर्धी भरायची होती, मुकादम बोंबलत होता; त्या मागे वळल्या नव्हत्या. टेबलामागच्या मुलीनं पंकजाच्या बोटाला टोचलं, रक्ताचा एक थेंब एका पांढऱ्या पट्टीवर घेतला आणि म्हणाली, “बसा थोडं.” पंकजा बाकावर सासूच्या खांद्याला डोकं टेकून बसली. चहा पिऊन व्हावा एवढ्या वेळात पट्टीवर रेघ उमटली. मुलीनं गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. “मलेरिया आहे. वेळेत आलात, घाबरू नका. पहिली गोळी इथंच घ्या, माझ्यासमोर. बाकीच्या सांगते तशा, मधे सोडायच्या नाहीत.”

दगडाबाई त्या पट्टीकडे पाहत राहिल्या. बोटाएवढी पट्टी होती. मग पाकिटाकडे पाहिलं. ते तळहातात मावत होतं.

“आता मजुरांच्या वतीनं कुणीतरी दोन शब्द बोला!” आबासाहेब माईक घेऊन मांडवात फिरत होते. समोरच्या म्हातारीला त्यांनी ओळखलं नाही. “हां, या आजी बोलतील. बोला आजी, कसं वाटलं कारखान्याचं काम?”

माईक दगडाबाईंच्या तोंडापुढे आला. त्यांची नजर पट्टीवरून हलली नव्हती.

“येवढंच हुतं व्हय?” त्या म्हणाल्या.

कर्ण्यातून तो आवाज सगळ्या माळावर गेला. कोप्यांपाशी भाकरी थापणाऱ्या बायांचे हात थांबले.

“नाही नाही, आजी!” आबासाहेब हसत म्हणाले. “एवढंच नाही! पुढच्या वर्षी अजून पुष्कळ करणार आहोत!”

मांडवात टाळ्या झाल्या. दगडाबाईंनी सुनेला उठवलं, तिच्या ओठांना पाण्याचा पेला लावला, आणि तिनं गोळी गिळली की नाही हे पाहायला तिला तोंड उघडायला लावलं.